शेवटचा रकाना आधीच भरलेला असतो

पावसाळा लागला की आपल्याकडे वृक्षारोपणाची लाट येते. मशिदीच्या आवारात, शाळेच्या मैदानात, कब्रस्तानच्या भिंतीलगत खड्डे खोदले जातात. एका रोपट्याला दहा-बारा हात लागतात, फोटो निघतो आणि फोटोखाली ती हदीस येते, कयामत समोर ठाकली तरी हातातलं रोप लावून टाकायला सांगणारी. हदीसशी माझं भांडण नाही. रोपट्याशी तर नाहीच. पण ज्या आठवड्यात आपण ते रोप लावत असतो, त्याच आठवड्यात महापालिकेच्या उद्यान विभागाच्या फलकावर एक यादी लागलेली असते. तुमच्याच प्रभागातली झाडं, क्रमांकासह. कुठली तुटणार, कुठली हलणार, कुठली राहणार. हरकत घ्यायला सात दिवस. ती यादी आपल्यापैकी कोण वाचतं? हात वर करा.

मी म्हणतो, आपल्या तरुणांनी दोन वर्षं एकही रोप लावलं नाही तरी चालेल. त्याऐवजी या याद्या वाचायला शिका. लावणं हे सवाबाचं काम आहे, पण त्यात कुणाशी वाईटपणा घ्यावा लागत नाही, म्हणूनच ते आपल्याला इतकं आवडतं. मोजण्यात वाईटपणा येतो.

यादी म्हणजे काय ते आधी बघू. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. बांधकाम करायचंय आणि जागेवर झाडं आहेत, तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत जागेवरच्या झाडांचं सर्वेक्षण जोडायचं. अधिकारी जागा पाहतो, वर्तमानपत्रात आणि झाडावर नोटीस लागते, हरकती येतात, प्रकरण वृक्ष प्राधिकरणापुढे जातं. कागदावर हे सगळं ठीकच आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे माझी नजर पहिल्यांदा तक्त्याच्या रकान्यांवर जाते. अनुक्रमांक, झाडाचं नाव, खोडाचा घेर, उंची, अंदाजे वय, स्थिती, ठिकाण. आणि शेवटी एक रकाना: प्रस्तावित कार्यवाही. त्यात ‘तोडणे’, ‘पुनर्रोपण’ किंवा ‘राखणे’.

थांबा. हे सर्वेक्षण आहे ना? मग त्यात निकाल कुठून आला? ज्या तक्त्याने फक्त इथे काय उभं आहे ते सांगायचं, त्यातच काय पाडायचं तेही लिहिलेलं असतं. कारण इमारतीचा नकाशा आधी झालेला असतो. आर्किटेक्टने पार्किंगचा रॅम्प जिथे काढला तिथे चिंच आली, म्हणून चिंचेपुढे ‘तोडणे’ आलं. मोजणारा माणूस नकाशा हातात घेऊनच जागेवर येतो. आमच्या धंद्यात असं कुणी केलं, म्हणजे निकाल आधी ठरवून मग त्याला जुळेल अशी माहिती गोळा केली, तर त्याला कामावरून काढतात. (निदान काढायला हवं. आमच्या धंद्यातही सगळे वली नाहीत.)

ब्रिटनमध्ये या कामासाठी बीएस ५८३७ नावाचं मानक आहे. त्याचा क्रमच उलटा आहे. आधी झाडं मोजा, त्यांना अ, ब, क अशा प्रती द्या, मरणाला टेकलेली वेगळी काढा, प्रत्येकाच्या मुळांसाठी खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ नकाशावर काढा, आणि मग उरलेल्या जागेत इमारत बसवा. तिथेही पैसे विकसकच देतो, तिथेही झाडं तुटतातच. पण झाड हे जागेचं बंधन आहे, जसं उतार किंवा नाला, हे पहिल्या दिवशी मान्य करून नकाशा काढला जातो. आपल्याकडे झाड नकाशाच्या आड येतं आणि मग त्याची ‘परवानगी’ काढली जाते.

आता वयाचा रकाना. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आणि नुकसानभरपाईचा नियम असा केला की तुटलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. तीही सहा ते आठ फुटांची, आणि सात वर्षं सांभाळायची. नियम चांगला आहे. पण त्यामुळे वय म्हणजे पैसा झाला. साठ वर्षांचा वड साठ रोपांना पडतो, चाळीसचा लिहिला तर चाळीसला, आणि हेरिटेजची कटकटही सुटते. वय ठरवतं कोण? बहुतेक वेळा घेर पाहून अंदाज, आणि अंदाज करणाऱ्याचं बिल बिल्डर भरतो. त्यात बकुळीसारखं सावकाश वाढणारं झाड पन्नाशी ओलांडूनही बारीक दिसतं, आणि रेन ट्री वीस-पंचवीस वर्षांत एवढा फोफावतो की नवख्याला म्हातारा वाटावा. बारीक खोडाची म्हातारी झाडं या तक्त्यात नेहमी तरुण होतात.

तसंच संख्येचं. त्याच दुरुस्तीने असं ठरवलं होतं की दोनशे किंवा त्याहून जास्त झाडं तुटणार असतील तर प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जायचा. जिथे जिथे असा उंबरठा असतो तिथे तिथे आकडे त्याच्या अलीकडे गर्दी करतात. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. भूखंडाचे दोन टप्पे करा, दोन अर्ज करा, काही झाडांना झुडपं म्हणा. झालं.

आकड्यांची गोष्ट निघाली की आरे आठवतंच. २९ ऑगस्ट २०१९ ला मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने मेट्रो ३ च्या कारशेडसाठी २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. त्यातली २,१८५ तोडायची, ४६१ हलवायची. त्याआधी ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा २,१४१ झाडं पडून गेली होती. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं कमी लोकांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेट्रो महामंडळ सर्वोच्च न्यायालयाला म्हणालं, आता फक्त ८४ झाडांसाठी प्राधिकरणाकडे जाऊ द्या. न्यायालयाने जाऊ दिलं. प्राधिकरणातून परवानगी बाहेर आली ती १७७ झाडांची. मधल्या काळात झाडंझुडपं वाढली, हे कारण पुढे आलं. १७ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने महामंडळाला दहा लाखांचा दंड केला. झाडं मात्र तोडू दिली.

मी ही गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगतोय. ऐंशी हजार हरकतींनी जे झालं नाही ते दोन आकड्यांच्या वजाबाकीने झालं: व्यवस्थेला निदान एकदा जाब द्यावा लागला. १७७ वजा ८४. झाडांवरचं प्रेम न्यायालयात मोजता येत नाही, चुकीची यादी मोजता येते. आणि २०१९ ची मोजणी स्थानिक माणसांनी, आरेतल्या पाड्यांवरच्या वारल्यांनी, पहिल्या दिवशीच पडताळून शेजारी आपली यादी ठेवली असती तर? वाचली असती असं मी म्हणत नाही. पण भांडण कशाबद्दल आहे ते तरी स्पष्ट झालं असतं.

इथवर सगळं शहराचं झालं. आता सातपुड्यात चला, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. काठी हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्याचं गाव. अक्कलकुवा म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम आठवते. कुणाचा ना कुणाचा भाऊ, चुलतभाऊ तिथे शिकलेला असतो. पण तिथून मोलगीचा घाट चढून वर गेलेले आपल्यात किती? काठी बाहेरच्यांना होळीपुरती ठाऊक आहे: संस्थानाच्या काळापासूनची राजवाडी होळी, उंच बांबूचा दांडा, रात्रभर ढोल, पहाटे पेटणारी होळी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो, आणि मग पुढच्या फाल्गुनापर्यंत काठी कुणाच्या खिजगणतीत नसते.

१९७५ चा कायदा नावातच नागरी क्षेत्राचा आहे, तो काठीला लागू नाही. तिथे वृक्ष प्राधिकरण नाही. पण तिथे एक गोष्ट आहे जी मुंबई, मालेगाव, भिवंडीच्या माणसाकडे नाही. वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) म्हणतं की गावाला लागणाऱ्या तेरा सोयी, म्हणजे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि फोनच्या तारा, पाण्याची टाकी, रस्ता वगैरे, यांसाठी वनजमीन देता येईल. अटी तीन. प्रत्येक जागा एक हेक्टरच्या आत. हेक्टरी पंच्याहत्तरहून जास्त झाडं तुटता कामा नयेत. आणि ग्रामसभेची शिफारस हवी.

म्हणजे काठीसारख्या गावात झाडांची मोजणी हाच सगळा खेळ आहे. ०.८ हेक्टरची जागा असेल तर मर्यादा साठ झाडांची. साठ निघाली तर काम जिल्ह्यातच मार्गी लागतं, एकसष्ट निघाली तर वन संवर्धनाच्या कायद्याखालचा लांबचा रस्ता, थेट केंद्रापर्यंत. एका झाडाने हा फरक पडतो. आता विचार करा, ती मोजणी कुणी करायची? बाहेरून आलेल्या यंत्रणेच्या माणसाने, संध्याकाळच्या आत खाली उतरायच्या घाईत? त्याने साठ लिहिली तर ग्रामसभा कशावर शिफारस करते? आणि उलटही होऊ शकतं. कुणाला शाळा नकोच असेल, तर झुडपांची झाडं करून आकडा वर चढवता येतो आणि गाव बसतं वर्षानुवर्षं वाट बघत. खोटी मोजणी दोन्ही बाजूंनी मारते, आणि दोन्ही वेळा मार खाणारे तेच असतात.

इथे मला ऐकवलं जातं, तुम्ही शहरात बसून झाडं मोजा, तिथे बायकांना बाळंतपणासाठी झोळीत घालून न्यावं लागतं, तिथे रस्ता हवा. हवाच. सातपुड्यात रस्ता हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे आणि त्यावर मतभेद असायचं कारण नाही. पण खरी मोजणी रस्ता अडवत नाही. ती तो चार हात सरकवते. कुठला आंबा कुणाच्या घराचं आमचूर देतो हे आधी कळलं, तर वळण त्या आंब्याच्या अलीकडून काढता येतं. धडगाव-मोलगीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात घरंच्या घरं कैऱ्या सोलून, फोडी वाळवून आमचूर करतात, तेच त्यांचं रोख पैसे मिळण्याचं साधन. तक्त्यात त्या आंब्याची किंमत काय लिहिली जाते? घेर गुणिले लाकडाचा दर. दरवर्षी मिळणाऱ्या पोतंभर आमचुराला रकाना नाही. मोहाचंही तेच. फाल्गुनात मोहाची पानं झडलेली असतात, फुलं यायची असतात. नवखा माणूस बघेल आणि स्थितीच्या रकान्यात लिहून टाकेल, ‘वाळलेले’. त्याला महिन्याभराने यायला सांगा, त्याच झाडाखाली आख्खं घर टोपल्या घेऊन पहाटेपासून फुलं वेचताना दिसेल.

आणि ज्या झाडाचं नाव मोजणाऱ्याला येत नाही, ते ‘इतर’मध्ये जातं. ‘इतर’ हा मला सगळ्यात घातक रकाना वाटतो. भिलीत त्या झाडाला नाव आहे, औषध म्हणून उपयोग आहे, कदाचित त्याखाली देव आहे. फॉर्ममध्ये ते ‘इतर’ आहे, आणि ‘इतर’च्या बाजूने हरकत कोण घेणार?

हे काल्पनिक नाही, याच तालुक्यात ते एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. बुडीत क्षेत्र ९,५९९ हेक्टर. त्यातलं ६,४८८ हेक्टर कागदावर जंगल, खासगी शेतजमीन फक्त १,५१९ हेक्टर. म्हणजे जिथे माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली, पिकवत आली, आंबे-मोह राखत आली, तिथलं बरंचसं सरकारदरबारी त्यांचं नव्हतंच. ज्या जमिनीचा सातबारा नाही तिच्यावरचं झाड कुणाच्या नावावर मांडायचं? मग पुनर्वसनासाठी तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर जंगल मोकळं केलं गेलं. एक जंगल बुडवलं आणि बुडालेल्यांना बसवायला दुसरं दिलं. वनहक्क कायदा यानंतर कितीतरी वर्षांनी आला. ग्रामसभेच्या हातातला आजचा अधिकार त्या पिढीकडे नव्हता.

आता आपल्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्यावर एवढ्या गोष्टी कोसळत असताना झाडांच्या याद्या? मला वाटतं प्रश्नाचं मूळ एकच आहे. कोण मोजतं आणि कुणाच्या बाजूने मोजतं, हे आपल्याइतकं कुणाला कळायला हवं? मतदार यादीतलं चुकलेलं नाव, रेशन कार्डावरचं गाळलेलं नाव, घरांच्या पाहणीत ‘अतिक्रमण’ म्हणून लागलेला शिक्का, हे आपण जगतो. काठीच्या माणसाला ‘अतिक्रमणदार’ हा शब्द आपल्या आधीपासून माहीत आहे.

आणि दीनची गोष्ट काढायची तर नीट काढू या. सर्वेक्षण म्हणजे शहादत आहे. एक माणूस सही करून सांगतो की मी पाहिलं, इथे एवढं उभं होतं. साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या, नातेवाइकांच्या विरोधात जात असली तरी खरी द्या, ही कुरआनची ताकीद आहे. आणि ज्याला स्वतःला फायदा होणार आहे त्याची साक्ष त्याच्याच बाजूने धरायची नाही, हे आपल्या फिक्हमध्ये शेकडो वर्षं शिकवलं जातंय. मग बिल्डरने पैसे दिलेल्या माणसाची मोजणी एकमेव साक्ष म्हणून चालते कशी, हा प्रश्न सगळ्यात आधी आपल्या उलमांनी विचारायला हवा होता. हजरत अबू बक्र यांनी लष्कराला निघताना फळझाडं तोडू नका म्हणून बजावलं, हा किस्सा जुम्म्याच्या बयानात आपण कितीदा ऐकतो. पण आपल्याच ट्रस्टच्या जागेवर दुकानांचं कॉम्प्लेक्स उभं राहताना, तिथल्या लिंबाचं वय यादीत काय लिहिलं होतं, हे आपण कधी विचारलं? जिथे अर्जदार आपलेच लोक असतात तिथे आपली जीभ टाळ्याला चिकटते. आधी ती सोडवा.

दुसरीकडे जीभ वेगळ्या कारणाने चिकटते. २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सुमारे १,८०० झाडांवर गंडांतर आलं आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. त्यात सगळ्या थरांतले लोक होते. आपले तरुण मात्र अशा वेळी दबकतात: आपण बोललो तर विषय झाडांचा राहणार नाही, मेळ्याचा होईल. भीती खोटी नाही. पण त्याला उत्तरही आकडाच आहे. ‘झाडं तोडू नका’ म्हटलं की तुमचं नाव विचारलं जातं. ‘यादीतल्या ११२ क्रमांकाच्या झाडाचा घेर दोन मीटर आहे, तुम्ही एक मीटर वीस सेंटिमीटर लिहिलाय, हा फोटो’ म्हटलं की नावाचा उपयोग संपतो, टेप सगळ्यांसाठी सारखीच असते. सालिम अली मुंबईच्या खेतवाडीत जन्मलेले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबाद संस्थानाचे पक्षी मोजत फिरले आणि मग आयुष्यभर मोजतच राहिले. सायलेंट व्हॅलीच्या वादात त्यांचा शब्द वजनदार ठरला तो त्या नोंदींच्या जोरावर. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण बोलणारे.

तर काम असं आहे. नोटीस लागली की यादी मागा, दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. वीसेक झाडं चिठ्ठ्या टाकून निवडा. सोयीची निवडू नका, नाहीतर तुम्हीही त्यांच्यातलेच. फजरनंतर तासभर जा, रहदारी नसते. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेप गुंडाळा. घेर, नाव, फोटो, जागा. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा हे झाड कधीपासून आहे, कुणाच्या निकाहच्या वेळी केवढं होतं. वयाचा तो अंदाज सूत्रापेक्षा बरा निघतो. तफावत सात दिवसांत लेखी द्या, पोच घ्या. परवानगी निघाली तरी पंधरा दिवस झाड तोडता येत नाही, ते पंधरा दिवस डायरीत लिहून ठेवा.

आणि आपल्यातले जे ॲप बनवतात त्यांच्यासाठी एक काम आहे, फुकटचं आहे आणि आजच सुरू होऊ शकतं. ग्रामसभेला जागेवर मोजता येईल असा साधा फॉर्म. रेंज नसताना चालणारा, कारण सातपुड्यात ती नसते. झाडांची नावं भिली आणि पावरीत, आवाज रेकॉर्ड करून, गावातल्याच माणसांकडून घेतलेली. फळ-फुलाचं उत्पन्न लिहायला जागा. ‘इतर’ निवडलं की फॉर्म पुढे जाऊ नये, नाव विचारावं. मोजणी कुणी केली आणि त्याला पैसे कुणी दिले, हे सक्तीचं. प्रस्तावित कार्यवाहीचा रकाना त्यात घालू नका, तो ग्रामसभेच्या ठरावात येऊ दे. आधी आपल्याच कब्रस्तानातल्या झाडांवर चालवून बघा, चुका तिथे निघतील. मग मोलगीचा घाट चढा, आणि होळीचा दिवस सोडून जा, त्या दिवशी तिथे मोजायला कुणाला सवड नसते.